आधी शेजारी बसवून बघा

गेल्या महिन्यात आमच्या संस्थेच्या बैठकीत चार पानांचं एक टिपण वाटलं गेलं. नव्या स्वयंसेवकाने नाव नोंदवताना व्यक्तिमत्त्व चाचणी द्यायची, उत्तरांवरून त्याला चारपैकी एक रंग मिळणार आणि त्या रंगावरून त्याचं काम ठरणार, अशी ती योजना आहे. लाल म्हणजे पुढाकार घेणारा, पिवळा म्हणजे माणसांत रमणारा, हिरवा सांभाळून घेणारा, निळा काटेकोर. टिपण लिहिणारे गृहस्थ आमचे हितचिंतक आहेत. मोठ्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागात त्यांची उभी हयात गेली आणि हे काम त्यांनी एक पैसा न घेता केलं आहे. त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांचं म्हणणं मात्र मला मुळातच चुकीचं वाटतं, आणि तसलाच विचार इतर संस्थांमधूनही कानावर येतो आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही पुण्यात अंध विद्यार्थ्यांना लेखनिक आणि वाचक मिळवून देतो. वाचक वर्षभर पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात. लेखनिकांचं काम परीक्षेत: विद्यार्थी सांगतो, लेखनिक लिहितो. बारा वर्षं मी लेखनिकांची जुळवाजुळव करते आहे. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणाने त्याच्यापेक्षा एक पायरी खाली असावा लागत असे, आणि विद्यार्थ्याला दर तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात. म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. चार तास एका बाकावर बसून दुसऱ्याच्या डोक्यातलं आपल्या हाताने उतरवायचं आणि आपल्या डोक्यातलं एक अक्षरही त्यात मिसळू द्यायचं नाही. हे कोणाला जमेल ते घरी बसून भरलेल्या प्रश्नावलीतून कळतं, असा टिपणाचा दावा आहे.

टिपणात ‘शास्त्रशुद्ध’ हा शब्द सात वेळा आला आहे. तेव्हा आधी शास्त्राचंच बघू.

या रंगांच्या मागे ज्यांचा सिद्धांत आहे ते विल्यम मार्स्टन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. माणसाच्या वागण्याचे चार प्रकार त्यांनी 1928 च्या पुस्तकात मांडले. त्यांनी स्वतः कुठलीही प्रश्नावली केली नव्हती. ती पुढे इतरांनी केली, विकली, आणि रंग तर त्याहून नंतर चढले. टिपणात पर्याय म्हणून सुचवलेली दुसरी चाचणी सोळा प्रकारांची, मायर्स-ब्रिग्ज. ती कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स या मायलेकींनी कार्ल युंगच्या 1921 च्या ग्रंथावरून बेतली. दोघी हुशार आणि कमालीच्या चिकाटीच्या होत्या, पण मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींपैकी एकीनेही घेतलेलं नव्हतं. हे काही मी त्यांच्या विरोधात वापरणार नाही. शिक्षणाशिवाय मोठी कामं झाली आहेत. पण चाचणीला चाचणीच्या कसोटीला तर उतरावं लागेल. पाच आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा घेतली तर जवळपास निम्म्या लोकांचं चारपैकी किमान एक अक्षर बदलतं, असं संशोधकांना आढळलं. 1991 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने सगळे पुरावे तपासले आणि करिअर मार्गदर्शनात तिचा वापर करावा इतका भक्कम आधार सापडत नाही, असं लिहून ठेवलं. आणि आमच्या विश्वस्तांनी सर्वात आधी वाचावी अशी गोष्ट ही, की या चाचणीचा प्रसार करणारं मायर्स-ब्रिग्ज प्रतिष्ठानच सांगतं: भरतीसाठी किंवा कामं नेमून देण्यासाठी ती वापरणं नैतिकतेला धरून नाही. टिपणात नेमकं तेच करायला सांगितलं आहे.

‘पण मला माझा निकाल तंतोतंत लागू पडला,’ असं बैठकीत तिघांनी सांगितलं. खरं सांगत होते. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या प्राध्यापकांनी आपल्या 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला त्याचं ‘स्वतंत्र’ व्यक्तिचित्र दिलं. ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्या म्हणाले. सरासरी 4.26 आली. मग उघड झालं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातली वाक्यं बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. ‘तुम्ही वरून खंबीर दिसता पण आतून कधी कधी अस्वस्थ असता’ हे कोणाला लागू पडत नाही?

हे पुण्यात वेगळं सांगावं लागू नये. याच शहरात डॉ. जयंत नारळीकरांनी 2008 मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना आणि संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांना बरोबर घेऊन फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. 100 हुशार मुलांच्या आणि 100 बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका जमवल्या. 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका देऊन कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. बरोबर उत्तरं 46 टक्के आली, म्हणजे नाणं उडवून जेवढी आली असती त्याहून कमीच. आमच्या बैठकीतल्या कित्येकांनी तेव्हा ती बातमी कापून ठेवली होती. लग्न जमवताना पत्रिका बघू नका असं ज्यांनी आपल्या घरात ठामपणे सांगितलं, त्यांनी स्वयंसेवकाला काम देताना त्याचा रंग बघावा याचं मला दुःख होतं. आलेख काढला आणि टक्के छापले म्हणून एखादी गोष्ट विज्ञान होत नाही.

आता यातला जो सर्वात मजबूत युक्तिवाद आहे तो घेते, कारण दुबळ्यालाच झोडपून वाद जिंकल्यासारखं करणं मला पटत नाही. रंग आणि अक्षरं सोडा, मानसशास्त्रात पंचगुणांचं प्रारूप आहे आणि ते बऱ्यापैकी टिकाऊ ठरलं आहे, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. त्यातला कर्तव्यदक्षता हा गुण नोकरीतल्या कामगिरीशी जोडलेला आढळतो, हे बॅरिक आणि माउंट यांनी 1991 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं. पण तो धागा किती जाड? सहसंबंध साधारण 0.2. माणसामाणसांतल्या कामगिरीच्या फरकाचा जेमतेम चार टक्के भाग त्यातून समजतो. हजारो उमेदवार चाळणाऱ्या कंपनीला हे चार टक्केही उपयोगाचे असतील. माझ्यासमोर मात्र मंगळवारी संध्याकाळी एक माणूस बसलेला असतो आणि गुरुवारी एका मुलीचा अर्थशास्त्राचा पेपर असतो. उरलेल्या शहाण्णव टक्क्यांचं मी काय करू? शिवाय हे आकडे पगारी नोकरीतले, साहेबाने दिलेल्या गुणांवर आधारलेले. आमच्याकडे पगार नाही, साहेबही नाही.

गेल्या हंगामात प्रयोग म्हणून काही जणांची चाचणी घेतली होती. त्यात बिबवेवाडीच्या एक ताई होत्या. बारावीनंतर लग्न झालं आणि शिक्षण थांबलं ते थांबलंच. त्यांच्या निकालात लिहून आलं: अबोल, अनोळखी माणसांत अवघडतात, पडद्यामागचं काम द्यावं. त्याप्रमाणे त्यांना पाकिटं भरायला आणि हमीपत्रांच्या झेरॉक्स लावायला बसवलं. त्या महिनाभर मुकाट्याने ते करत राहिल्या.

एप्रिलमधल्या एका सकाळी सात वाजता एका लेखनिकाचा फोन आला, ताप आहे, उठवत नाही. तृतीय वर्ष बी.ए.चा राज्यशास्त्राचा पेपर होता. केंद्राच्या सर्वात जवळ या ताई राहत होत्या आणि नियमातही बसत होत्या. ज्या अर्धवट शिक्षणाची त्यांना चारचौघांत लाज वाटे, तेच त्या दिवशी त्यांची पात्रता ठरलं. मी त्यांना रिक्षाने केंद्रावर नेलं आणि पत्र दाखवून केंद्रसंचालकांची सही घेतली. केंद्रात जागा नव्हती, म्हणून ताई आणि परीक्षार्थी मुलगा या दोघांना जिन्याखालच्या खोलीत बसवलं होतं. दार उघडं होतं. पहिला अर्धा तास मी बाहेरच्या बाकावर बसून बघत होते.

मुलगा एक वाक्य सांगायचा, मध्येच म्हणायचा, ‘नाही, ते खोडा.’ ताई एक सरळ रेघ मारायच्या. तो पुन्हा सुरू करण्याआधी त्या शेवटचे चार शब्द हळू आवाजात वाचून दाखवायच्या, म्हणजे त्याला धागा सापडे. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. एक उपप्रश्न त्याने नंतर लिहू म्हणून सोडला, तेव्हा त्यांनी मागच्या समासात पेन्सिलीने बारीक खूण केली. मग तो अडला. बराच वेळ काही बोलेना. ताईंनी पेन खाली ठेवलं, हात मांडीवर घेतले आणि नुसत्या थांबल्या. सुस्कारा नाही, घड्याळाकडे नजर नाही, ‘पुढे?’ म्हणून विचारणं नाही. पाचेक मिनिटांनी त्याने घसा खाकरला, तशी त्यांनी पेन उचललं.

संध्याकाळी त्या मुलाचा फोन आला. ‘मॅडम, उरलेल्या तिन्ही पेपरांना त्याच ताई द्या. त्या घाई करत नाहीत.’

चाचणी ताईंबद्दल खोटं बोलली नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्या अबोल आहेतच. अनोळखी माणसांत अवघडतातही. चूक पुढच्या पायरीवर झाली. अबोल आहे म्हणून माणसांपासून लांब ठेवा, हा निष्कर्ष कोणी काढला? त्याच हंगामात एक कॉलेजचा मुलगा पिवळा निघाला होता. बोलका, लाघवी, माणसांत रमणारा. त्याला निकालाबरहुकूम लगेच लेखनिक केलं. पहिल्याच पेपरला तो विद्यार्थिनीला ‘अगं, इथे उदाहरण दे ना’ म्हणाला, पर्यवेक्षकांनी हटकलं, आणि ती पुढे तासभर भांबावून गेली. पण तोही तिथेच थांबला नाही. तिच्याच घरी दोन दुपारी बसून त्याने श्रुतलेखनाचा सराव केला, आणि आज ओठ मिटून चार तास बसतो. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्येच दाखवून दिलं होतं की एका प्रसंगातलं माणसाचं वागणं दुसऱ्या प्रसंगातल्या वागण्याशी आपण समजतो तेवढं बांधलेलं नसतं. त्यावर पुढे बरीच वर्षं वाद झाले. पण ज्याने कुठल्याही संस्थेत सतरंज्या उचलल्या आहेत त्याला हे पुस्तकावाचून ठाऊक असतं. घरात पाण्याचा पेला न उचलणारा माणूस शिबिरात पन्नास जणांची ताटं वाढतो.

म्हणून माझा खरा आक्षेप सांगते. लेखनिकाचं काम दोन माणसांमध्ये घडतं. चाचणी दोघांपैकी एकालाच विचारते, आणि तेही त्याचं स्वतःबद्दलचं मत. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला आहे त्या विद्यार्थ्याला एका अक्षरानेही विचारत नाही. चार पानी टिपणात ‘विद्यार्थी’ हा शब्द एकदाच आला आहे, तो शीर्षकाखालच्या संस्थेच्या परिचयात.

आता स्वतःबद्दलचं मत तरी कसं मिळतं ते बघा. प्रश्न इंग्रजीतून आणलेले. ‘पार्टीत गेल्यावर तुम्ही अनोळखी लोकांशी आपणहून बोलता का?’ बिबवेवाडीच्या ताई पार्टीला कधी गेल्या? हळदीकुंकवाला जातात, भजनी मंडळात जातात, आणि तिथे अनोळखी असं कोणी नसतंच. ‘तुम्ही इतरांवर प्रभाव पाडता का?’ याला इंग्रजी शाळेतून आलेला मुलगा बेधडक ‘नेहमी’ लिहितो. वस्तीत बचत गटाची वीस वर्षं खातेवही सांभाळणारी बाई ‘कधी कधी’ लिहिते, कारण आपल्याच तोंडाने आपली थोरवी सांगू नये हे तिच्या अंगवळणी पडलेलं असतं. मग तो लाल ठरतो आणि ती हिरवी. तो समितीत बसतो, ती चहा करते. प्रश्नावलीने स्वभाव मोजला की शिक्षण, भाषा आणि घरातून आलेला आत्मविश्वास मोजला?

आणि हे आपल्या समाजात करताना तरी हात थरथरायला हवा होता. माणसाचा स्वभाव आधीच ठरलेला आहे, त्या स्वभावाला साजेसं काम त्याने करावं आणि त्यातच त्याचं भलं आहे, हे आपण पहिल्यांदा ऐकतो आहोत का? गुण आणि कर्म यांच्या नावाने हीच मांडणी इथे शतकानुशतकं केली गेली. कोणी शिकावं आणि कोणी झाडावं हे तिच्या आधाराने ठरलं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांच्यासमोर हाच युक्तिवाद होता, की शिकणं बायकांच्या प्रकृतीत नाही. चार रंगांची चाचणी म्हणजे वर्णव्यवस्था असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं त्या व्यवस्थेखाली भरडल्या गेलेल्यांचा अपमान होईल. पण माणसाला पुढ्यात बसवण्याआधी त्याची जात कुठली हे ठरवण्याची खोड आपल्यात खोल मुरलेली आहे, आणि तिला नवा कागद पुरवणं हे सेवाभावी संस्थेचं काम नाही. माणूस सेवेला येतो तो पुष्कळदा रोजच्या चौकटीबाहेर पडायला. दिवसभर हिशेब तपासणाऱ्याला लहान मुलांना गोष्टी सांगायच्या असतात. त्याला आपण निळा म्हणून परत हिशेबालाच बसवतो.

गळतीबद्दल टिपणात लिहिलं आहे, ‘चुकीच्या प्रकाराची व्यक्ती चुकीच्या कामावर असल्याने स्वयंसेवक सोडून जातात.’ माझ्याकडे बारा वर्षांच्या वह्या आहेत. जो सोडून गेला त्याला मी फोन करते. कारणं ऐका. वेळापत्रक बदललं आणि आम्ही कळवलं नाही, तो रजा काढून केंद्रावर जाऊन परत आला. बसच्या भाड्याचे पैसे देऊ म्हणालो आणि दिले नाहीत. केंद्रावर पत्र दाखवूनही तासभर दाराबाहेर उभं केलं, आमच्यापैकी कोणी सोबत नव्हतं. सासूबाई आजारी पडल्या. पेपर संपल्यावर ‘कसा गेला’ म्हणून कोणी विचारलं नाही. या यादीत स्वभावाचा दोष कुठे आहे? यातला निम्म्याहून अधिक दोष आमचा आहे आणि तो मी बैठकीत कबूल केला आहे. चाचणी हा दोष आमच्या अंगावरून काढून स्वयंसेवकाच्या अंगावर टाकते. तो गेला कारण त्याचा प्रकारच तसा. स्वभावाला औषध नाही म्हटलं की औषध शोधायची जबाबदारी संपते. मला या योजनेतलं सर्वात धोक्याचं हेच वाटतं, कारण ते आम्हा सगळ्यांना फार सोयीचं आहे.

देणगीदार कंपन्यांना हे आवडेल, हा मुद्दाही टिपणात आहे. कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात, आमच्यासारख्या संस्था त्या पैशावर बऱ्याच चालतात, आणि पैशाबरोबर त्यांच्या कचेरीतल्या पद्धतीही येतात. हिशेबाच्या, अहवालाच्या पद्धती आम्ही आनंदाने घेतल्या, फायदाही झाला. पण देणगीदाराने विचारलं तर किती पेपर लिहिले गेले, किती विद्यार्थी पास झाले, ऐनवेळी लेखनिक न आल्याचे प्रसंग किती, हे सांगता येतं. स्वयंसेवकांचे रंग सांगून त्यातलं काहीच सांगितल्यासारखं होत नाही.

लहान मुलांबरोबर किंवा संकटात असलेल्या माणसांबरोबर काम करताना स्वयंसेवक पारखून घ्यावे लागतात, हे मला शंभर टक्के मान्य आहे. त्यासाठी ओळखीच्या दोन माणसांकडे चौकशी करा, पहिले काही महिने एकट्याने काम देऊ नका, तक्रार कुठे करायची हे मुलांना सांगून ठेवा. ज्याच्या मनात वाईट आहे तो ‘मी इतरांची काळजी घेतो’ समोर बरोबरची खूण करणारच.

मग माणूस ओळखायचा कसा? आमच्याकडे रीत आहे, ती मोडू नका एवढंच माझं मागणं आहे. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात एका विद्यार्थ्याशेजारी अर्धा तास बसवायचं. विद्यार्थी गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेतलं एक उत्तर सांगतो, नवा माणूस लिहितो. मग ते पान तिसऱ्याने मोठ्याने वाचायचं आणि विद्यार्थ्याने सांगायचं की हे माझंच उत्तर आहे का. अक्षर लागतं की नाही, शुद्धलेखन कसं आहे, ऐकून घेतो की पुढे पळतो, सगळं त्या अर्ध्या तासात समोर येतं. नंतर विद्यार्थ्याला बाजूला घेऊन विचारायचं, यांच्याबरोबर चार तास बसशील? कामाचा असा नमुना करून बघणं हे स्वभावाच्या प्रश्नावलीपेक्षा पुढच्या कामाचा कितीतरी चांगला अंदाज देतं, हे निवडप्रक्रियेच्या संशोधनातही वारंवार दिसलं आहे. शेवटी नव्या माणसाला चहा देऊन विचारायचं की तुम्ही का आलात. कोणाला एकटेपणा असतो, कोणाचं मूल अंध असतं, कोणाला प्रमाणपत्र हवं असतं. प्रमाणपत्रासाठी आलेला पुढे दहा वर्षं राहिलेला मी पाहिला आहे, म्हणून दर हंगामाला पुन्हा विचारते.

याला वेळ लागतो, हे टिपणकर्त्यांचं म्हणणं खरं आहे. एका माणसामागे दोन तास जातात. पण स्वयंसेवक आम्हाला त्याचा वेळच देतो, दुसरं काही नाही. त्याच्या मोबदल्यात आमच्यापैकी कोणीतरी त्याला दोन तास देणं जड वाटत असेल, तर त्याच्याकडे चार तास मागायचा हक्क आम्हाला नाही.

रविवारी हा विषय मतदानाला आहे. मी विरोधात मत देणार आहे. आणखी एक ठराव मांडणार आहे. गेल्या हंगामात भरून घेतलेल्या प्रश्नावल्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात आहेत, त्यांच्या प्रती सामायिक फोल्डरमध्ये कोणालाही उघडतात. राग किती येतो, उदास किती वेळा वाटतं, हे लोकांनी आमच्यावर विश्वास ठेवून त्यात लिहिलं आहे. ते कशासाठी लागणार आणि किती दिवस ठेवणार हे आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं. 2023 मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला. तो झाला नसता तरी हे चूकच होतं. प्रती पुसून टाकाव्यात आणि मूळ कागद ज्याचे त्याला हातात परत द्यावेत. बिबवेवाडीच्या ताईंचा कागद मी स्वतः घेऊन जाईन. येत्या हंगामात त्यांच्याकडे दोन विद्यार्थ्यांचे मिळून अकरा पेपर आहेत, त्याचं वेळापत्रकही त्यांना द्यायचंच आहे.